बहात्तरची ओळ

परदेशी जाऊन आलेले लोक आठवणी लिहितात. तिथली थंडी, तिथले वेळेवर येणारे लोक, तिथे चार दुकानं हिंडून मिळवलेली कोथिंबिरीची जुडी. मी न गेल्याची आठवण लिहिते आहे. मला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कोणी त्यागमूर्ती होते असा गैरसमज नको. बॅगसुद्धा घेतली होती, चाकांची, लक्ष्मी रोडवरून, घासाघीस करून.

मोबाइलवर इनकमिंग फुकट होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या समोरच्या रिकाम्या प्लॉटवर गावातल्या म्हशी बसलेल्या असत. गळ्यात कार्ड अडकवून आम्ही कंपनीच्या बसमधून उतरायचो, तेव्हा त्या आमच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मला ते आवडायचं. बाकी सगळं पुणं मला बघून काही ना काही ठरवूनच टाकायचं.

मी वऱ्हाडातली. कोथरूडला एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे पोळी की भाकरी?" मी तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या, "भाकरीच असणार." मी म्हणाले, "काकू, उत्तर तुम्हीच देणार असाल तर मला कशाला विचारलंत?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बोलतेस हो चांगलं." पुण्यात ही तारीफ नसते, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवसापासून आमचं बरं जमलं. मला न विचारता धरून चालणाऱ्या माणसांचा राग येतो, तो तेव्हाही यायचा आणि आजही येतो. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी हा रागच आहे, तत्त्व वगैरे नंतर आलं.

आमचं काम मॉडेलिंगचं होतं. म्हणजे एखादं यंत्र प्रत्यक्ष चालवण्याआधी ते संगणकावर चालवून बघायचं. त्यासाठी एक खास भाषा असते. तिच्यात तुम्ही यंत्राचं वर्णन करायचं: पाणी इथून आत येतं, इथे तापतं, इथली झडप इतकी उघडली की तिथला दाब इतका होतो. मग त्यात खरे आकडे सोडायचे आणि यंत्र कसं वागेल ते पडद्यावर बघायचं. आमची भाषा मोठी उदार होती. अमुक जागी आकडाच येईल, तमुक जागी अक्षरंच येतील, असं आधी सांगून ठेवायची सक्ती तिच्यात नव्हती. जे येईल ते ती आत घ्यायची. म्हणून आत आलेल्या प्रत्येकाला दारातच विचारावं लागायचं: तू आकडा आहेस का? अक्षरं आहेस का? की तू रिकामाच आलास? असे प्रश्न विचारायची सोय भाषेतच होती. उत्तर हो किंवा नाही, तिसरं काही नाही. हे प्रश्न लिहिणं हे माझं काम. हाताखाली माणूस नाही, कोणाच्या टाळ्या नाहीत. टीममधले मला 'वॉचमन' म्हणायचे. मी म्हणायचे, वॉचमन झोपला की काय होतं ते सोसायटीला विचारा.

आमचा ग्राहक परदेशातला, दूध तापवायची यंत्रं बनवणारा. दूध बहात्तर अंशांपर्यंत न्यायचं, काही सेकंद तिथेच धरून ठेवायचं आणि लगेच थंड करायचं. बहात्तरच्या खाली राहिलं तर त्यातले जंतू मरत नाहीत. मग ते दूध पिशवीत भरलं काय आणि बाटलीत भरलं काय, कच्चंच. त्यांचं एक यंत्र वाघोलीच्या पुढे एका डेअरीत चाचणीसाठी बसवलं होतं. तिथला ऑपरेटर दर तासाला तापमान संगणकात भरायचा आणि दिवसाची फाइल आमच्याकडे यायची. आमचं मॉडेल नीट चाललं की तोच प्रोग्रॅम सगळीकडच्या यंत्रांमध्ये बसणार होता, म्हणजे मग तिथे माणसाला बघत बसायची गरज उरणार नव्हती. आणि मॉडेल सुपूर्द करायला आमच्यातलं एक माणूस सहा महिन्यांसाठी तिकडे जाणार होतं. ते माणूस मी होते. आईचे वऱ्हाडात पेढे वाटून झाले होते.

पहिली खरी फाइल आली आणि मॉडेल थांबलं. लाल अक्षरांत माझाच निरोप माझ्यासमोर आला: तापमानाच्या जागी आलेलं मूल्य आकडा नाही. मी फाइल उघडली. सकाळी सहाला ७२. सातला do. आठला do. पुढे ओळीने do, do, do.

हे ओळखायला मला वेळ लागला नाही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या हजेरीपटात, खडूच्या साठ्यात, सगळीकडे हे असायचं. वरचंच पुन्हा लिहायचं असेल तर खाली दोन रेघांमध्ये डू. आपल्याकडे तलाठ्यापासून ट्रस्टच्या पुजाऱ्यापर्यंत सगळे असंच लिहितात आणि कोणाचं काही अडत नाही. ऑपरेटरने कागदावरची सवय संगणकात आणली होती, एवढंच. मला हसूही आलं. वरच्या ओळीतला आकडा खाली घ्यायचा, दोन मिनिटांचं काम, असं मलाही वाटलं.

तरी मी डेअरीत फोन लावला, कारण विचारल्याशिवाय धरून चालायचं नाही, हा माझा हट्ट.

"दर तासाला बघता ना तुम्ही तापमान?" मी विचारलं.

"सकाळी बघतो की मॅडम," ऑपरेटर म्हणाला. "मग काय बदलत न्हाई, म्हणून डू टाकतो."

"बदलत नाही हे कशावरून?"

"आता बघा, वाफ धरती काचंवर. काटा दिसत न्हाई. साहेबास्नी सांगितलंय, काच बदलून मागितली हाय. तवर पाइपाला हात लावून बघतो. चटका बसला की झालं."

माणूस खोटं बोलत नव्हता. उलट त्याने जे होतं ते सरळ सांगितलं, हे मी आजही त्याच्या बाजूने सांगेन. पण चटका पासष्टलाही बसतो आणि बहात्तरलाही बसतो. हाताला सात अंशांचा फरक कळत नाही. जंतूंना कळतो.

फाइलमध्ये मी आणखी खाली गेले. दुपारी दोन ते चारच्या ओळींत लिहिलं होतं, light nahi. तेव्हा सगळीकडे भारनियमन चालू होतं. म्हणजे दोन तास यंत्रच बंद. आणि चारनंतर पुन्हा do. कशाच्या वरीलप्रमाणे? लाइट नसण्याच्या?

मी आमच्या सरांकडे गेले. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. शनिवार पेठेत वाढलेले, हुशार, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. त्यांनी मला घडवलं हे खरं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डू म्हणजे वरीलप्रमाणे. वर बहात्तर आहे. मग खाली बहात्तर. यात चूक काय ते सांग."

"सर, वरचं कोणीतरी बघितलंय. खालचं कोणी बघितलेलंच नाही."

"ते डेअरीचं काम. आपलं काम मॉडेल. पुढच्या आठवड्यात क्लायंट हे बघणार आणि आपलं मॉडेल दर तासाला ठेच खाऊन पडणार?"

"पडत नाही सर, थांबतं. थांबायलाच हवं."

"अगं, थांबलेलं आणि पडलेलं बघणाऱ्याला सारखंच दिसतं."

हे मात्र त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या प्रश्नाखाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली. मूल्य आकडा नसेल, तर बहात्तर धरा. बस्स. मॉडेल लोण्यासारखं चालायला लागलं. आलेख पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत, बहात्तरवर. डू असो, रिकामं असो, बहात्तर. मी दुपारी दोनच्या जागी बोट ठेवलं. यंत्र बंद, लाइट नाही, आणि पडद्यावर दूध बहात्तर अंशांवर उकळतंय... उकळत नाही, बहात्तरला दूध उकळत नसतं, पण माझं डोकं मात्र उकळलं. टीममधल्या कोणीतरी टाळी वाजवली. मी म्हणाले, "वाजवा. महावितरणला पण बोलवा, बिनविजेचं दूध तापवलंय आपण."

कोणी हसलं नाही. सरही नाही. त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही, तो कोरडा व्हायचा.

"तुला जायचंय ना तिकडे?"

"हो."

"मग हे मॉडेल जायला हवं. हे गेलं नाही तर कोणीच जात नाही. मीही इथे किती दिवस, सांगता येत नाही. तुझ्या एका प्रश्नासाठी सगळ्यांना टांगून ठेवू नकोस."

ते घाबरले होते. मला ते दिसत होतं आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटत होतं. त्या काळात प्रोजेक्ट बंद झाला की माणसं सकाळी येऊन नुसती कॅन्टीनमध्ये बसायची, आणि काही दिवसांनी तिथेही दिसेनाशी व्हायची. पण भीती वाटते म्हणून दूध तापत नाही. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "जा, काम कर."

मी गेले आणि काम केलं. ती ओळ काढून टाकली.

लपूनछपून नाही. काढली आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, "सर, बहात्तरची ओळ मी काढली आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत होती. मी पुन्हा काढली, पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा घातली, मला सांगितलं नाही. आमचं बोलणं त्या दिवसांत इतकंच उरलं. मला कामावरून दूर करायचं तर वरच्या साहेबांना कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण काय देणार? ही मुलगी आकड्याला आकडा आहेस का असं विचारते? त्यासाठीच तर मला पगार होता.

संध्याकाळी जो शेवटचा असेल त्याचं राज्य, असं झालं. कारण दिवसाचं काम रात्री आपोआप क्लायंटकडे जायचं. सरांकडे गाडी होती, मला कंपनीची बस धरायची असायची. म्हणून मी बस सोडून द्यायला लागले. सर निघाले की ओळ काढायची आणि मग सिक्स सीटर रिक्षात कोंबून, मांडीवर बॅग घेऊन, चांदणी चौकापर्यंत धूळ खात यायचं. काही दिवस सर माझ्यापेक्षाही उशिरापर्यंत बसून राहायचे. आम्ही दोघं दोन टोकांना, मधे रिकामी टेबलं, आणि दोघंही काम करत असल्याचं नाटक करायचो. ज्या दिवशी त्यांच्या मुलीचा क्लास नसे त्या दिवशी ते जिंकायचे.

आईचा फोन आला. "व्हिसाचं काय झालं माय?"

"माहीत नाही. बहुतेक मी जाणार नाही."

"अवं, काय करून राहिली तू तिथे? भांडली का कोणाशी?"

मी सगळं सांगितलं. दूध, डू, बहात्तर. तिने शांतपणे ऐकलं. मला वाटलं, शिक्षिका आहे, तिला पटेल. ती म्हणाली, "एवढ्याश्या गोष्टीसाठी कोणी परदेश सोडते का? साहेब म्हणते तर राहू दे ना ते बहात्तर. मी आता लोकांना काय सांगू?"

"सांग की पोरगी भांडकुदळ आहे."

"ते त्यांना माहीतच आहे," आई म्हणाली आणि फोन ठेवला. तिला ते कधीच पटलं नाही, आणि पटवायला मीही पुढे गेले नाही. वाईट वाटलं. त्या रात्री ती चाकांची बॅग पलंगाखाली ढकलताना मी थोडी रडलेसुद्धा. पण ओळ राहू दिली असती तर बरं झालं असतं, असं रडतानाही एकदा वाटलं नाही.

मग पुढल्या आठवड्यातल्या एका दुपारी क्लायंटचा कॉल होता. मोठ्या खोलीत टेबलाच्या मधोमध तो तीन पायांचा कोळ्यासारखा फोन, भोवती आम्ही. सर एका बाजूला, मी समोर, बाकीचे कडेने. माझ्या जागी जायचं ठरलेली मुलगीही तिथे होती. तिचा काही दोष नव्हता, ती मान खाली घालून पेन उघडत-मिटत होती. पलीकडे क्लायंटचा इंजिनिअर, बाई होती, सावकाश इंग्रजी बोलणारी. आधी सगळं गोडगोड झालं. हवामान, सुट्ट्या. मग ती म्हणाली, "एक गोष्ट आम्हाला कळत नाही. तुमचं मॉडेल काही दिवस सुरळीत चालतं आणि काही दिवस दुसऱ्याच तासाला थांबतं. आम्ही शोधलं, तर एक ओळ येते आणि जाते. ती कोण काढतंय?"

सरांचा हात म्यूटच्या बटणाकडे गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने खाली, खाली, अशी खूण केली, शाळेत गलका शांत करायला करतात तशी. मग फोनकडे वाकून म्हणाले की काही अंतर्गत चाचण्या चालू आहेत, काळजीचं कारण नाही.

"मी काढते," मी म्हणाले.

मी खुर्ची पुढे ओढली आणि त्या कोळ्याच्या जवळ गेले, म्हणजे तिला नीट ऐकू जावं. "मी काढते ती ओळ. रोज. त्या ओळीमुळे आकडा आला नाही तरी मॉडेल बहात्तर दाखवतं. लाइट गेली तरी बहात्तर दाखवतं. आज परत घातली तर आज परत काढीन."

सरांनी हात बटणावरून उचलला आणि टेबलाच्या खाली घेतला. पलीकडे कोणीतरी कोणाशी तरी त्यांच्या भाषेत कुजबुजलं, कागद सरकवल्याचा आवाज आला. मग त्या बाईने विचारलं, "पण डेअरी तर रोज चालू आहे. रोज दूध बाहेर जातंय. मग या क्षणी त्या यंत्रातलं दूध किती तापलंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कडेची मुलगी पेन मिटायची थांबली होती. इतके दिवस आम्ही त्या खोलीत बसून त्याच दुधाचे आलेख काढले होते, रंगवले होते, तिकडे पाठवले होते.

"माहीत नाही," मी म्हणाले. "आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही."